निम्म्या हॉलचं पार्टिशन

मी पार्टिशन बोलतोय. अंगाने प्लायवुडचा, वरून सनमायका, मधोमध काचेचं शोकेस. भिंतीला कान असतात असं तुम्ही म्हणता. मला दोन्ही बाजूंना आहेत, आणि दोन्हीकडचं ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. म्हणून आज एकदाचं बोलून टाकतो.

माझा जन्म उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला. यशोधराताई आणि तिचा धाकटा भाऊ विक्रांत मला ठरवायला आले तेव्हा दुकानाच्या सिंधी सेठने सहज विचारलं, "साईं, किधर लगाने का है?"

"हॉल के बीच में," दोघं एका दमात म्हणाले.

"एकदम बीच में," विक्रांतने पुढे जोडलं.

"इंचभी इधर-उधर नहीं चलेगा," ताई म्हणाली.

सेठ दोघांकडे बघत राहिला. "सगे भाई-बहन हो ना?" एवढंच त्याने विचारलं आणि माप लिहून घेतलं.

त्याआधीची हकिगत मला सुंदराबाईंकडून कळली. सुंदराबाई म्हणजे ह्या दोघांची आई. दोघांचे संसार उल्हासनगरात भाड्याच्या खोल्यांत चालले होते. ताई खाजगी दवाखान्यात नर्स, विक्रांत एमआयडीसीत इंजिनीअरिंगच्या कंपनीत. घर घ्यायचं दोघांच्या मनात होतं, पण एकट्याच्या पगारावर बँक दारात उभं करीना. तेव्हा आईनेच सुचवलं, "दोघं मिळून एकच घ्या. मला ह्याच्याकडे की तिच्याकडे, हा प्रश्नच नको." मग अंबरनाथ पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर हा टू बीएचके घेतला, करारावर दोघांची नावं लागली. गृहप्रवेशाला भन्तेजी आले, अख्खा हॉल भरून माणसं बुद्धवंदनेला बसली. तो दिवस सांगताना सुंदराबाईंचा आवाज अजून हलका होतो.

एक बेडरूम ताईची, एक विक्रांतची. स्वयंपाकघर आणि बाथरूम सगळ्यांचं. हॉलमध्ये खिडकीखाली आईचा दिवाण. घोडं अडलं ते ह्या हॉलवर. ताई रात्रपाळी करून दिवसा झोपायची, तेव्हा इकडे टीव्ही मोठा. विक्रांतचे मित्र आले की ताईच्या चपला कोपऱ्यात. ताईचे यजमान नरेंद्र कुठल्याच भांडणात पडत नाहीत. आवाज चढला की पिशवी उचलून भाजी आणायला जातात, त्यामुळे ह्या घरात भाजी कधी कमी पडली नाही.

करारात 'अविभक्त हिस्सा' असं स्वच्छ छापलंय. म्हणजे प्रत्येक लादी दोघांची. पण समजून कोण घेतो? दोघांनी लाद्या मोजून हॉल वाटायला घेतला. लाद्या निघाल्या विषम. शेवटी मधल्या लादीच्या बरोबर मध्यावर मला उभं केलं.

आता अक्कल बघा. बाहेरचं दार, गॅलरी आणि आईचा दिवाण विक्रांतच्या भागात, बाथरूम आणि स्वयंपाकघर ताईच्या भागात. पंखा एकच, तोही माझ्या डोक्यावर, बटण विक्रांतकडे. माझ्यात दार ठेवायची वेळ आली तेव्हा शिवराम सुताराने विचारलं, "कुठल्या बाजूला उघडू?"

"तिच्या," विक्रांत म्हणाला.

"का म्हणून? माझी जागा जाते ना त्यात," ताई म्हणाली.

सरकतं दार करू म्हटलं, तर त्याची पट्टी कोणाच्या बाजूला ठोकायची यावर अडलं. शिवरामने हात टेकले. एक चिंचोळी फट ठेवली, तिला पडदा लावला आणि तो जो गेला तो परत फिरकला नाही. तेव्हापासून ह्या घरातली माणसं आपल्याच घरात आडवी होऊन ये-जा करू लागली.

मी सगळं सोसलं. तुझं माझं जमेना अन् तुझ्यावाचून करमेना, चालायचंच, असं म्हणत होतो. पण गेल्या वर्षी सुंदराबाई रिक्षातून उतरताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन घरी आल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालायचं. त्या पहिल्याच दिवशी चालत माझ्यापर्यंत आल्या आणि वॉकर फटीत अडकला.

"ताई, तुझ्या साइडने थोडं काप," विक्रांत म्हणाला.

"माझ्याच साइडने का? तू तुझ्याकडचं शोकेस काढ."

अरे बाबांनो, मी एकच आहे! ह्या बाजूने कापा की त्या बाजूने, कापला जाणार मीच. पण नाही. तोडगा काय निघाला, तर विक्रांतची बायको प्रीती कमोडची, भोकाची खुर्ची घेऊन आली. ती दिवाणाशेजारी मांडली, समोर साडीचा आडोसा केला. प्रीतीचं मन वाईट नव्हतं, भांडण टळावं एवढंच तिला वाटत होतं. सुंदराबाई त्या खुर्चीवर बसायच्या तेव्हा तोंडावर पदर घ्यायच्या. बाथरूम चार पावलांवर होतं. मला त्या वेळी स्वतःची शिसारी यायची.

एका सकाळी त्या कोणालाही हाक न मारता उठल्या. वॉकर रेटत माझ्या फटीत आल्या, तो अडकला, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. पलीकडे ताई पर्स घेऊन ड्यूटीला निघालेली, अलीकडे विक्रांत टॉवेल खांद्यावर टाकून.

"आई, मागे हो ना जरा," विक्रांत म्हणाला.

"नाही होणार."

"आई, माझी बस जाईल," ताई म्हणाली. "पाय दुखेल तुझा."

"दुखू दे. दवाखान्यात परक्या बायांना धरून नेतेस ना मोरीपर्यंत? मला कोण नेणार ते ठरवा. मी कोणाच्या हिश्शात उभी आहे, लाद्या मोजा आणि सांगा."

सुंदराबाईंच्या वॉकरचा खडखड आवाज माझ्या अंगात शिरत होता. नरेंद्र पिशवी घ्यायला वळले आणि थांबले. मग ताई पर्स टाकून खाली बसली आणि रडायला लागली. विक्रांत पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. माझे स्क्रू दोन्ही बाजूंनी मारलेले, एकट्याने निघणारे नव्हतेच. एक तिकडून ती काढत होती, एक इकडून तो. मी सुटलो तेव्हा, खरं सांगतो, मला मोकळं वाटलं. सुंदराबाई चालत बाथरूमपर्यंत गेल्या आणि आतून कडी लावली.

आता मी गॅलरीत भिंतीला टेकून आहे. सनमायका फुगलाय, शोकेसची काच तडकलीय. परवा भंगारवाला खालून ओरडत होता.

"आई, हे देऊन टाकू का?" विक्रांतने विचारलं.

सुंदराबाई चहा पीत होत्या. "राहू दे रे," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर परत लागेल तुम्हाला."

ताई मेथी निवडत होती. विक्रांत मोबाइल बघत होता. 'नाही लागणार' असं दोघांपैकी एकानेही म्हटलं नाही.

तुमच्यापैकी कोणी ह्या दोघांच्या ओळखीचं असेल तर एवढा निरोप द्या. मला फुकट द्या, जाळा, कुठे टाकायचं तिथे टाका. पण म्हातारी अजून त्या दिवाणावर बसलीय. ती बघत असताना, दोघांनी दोन टोकांना धरून मला जिन्यावरून खाली न्या.