नाशपातीखालचा चौकोन

स्तामेन्काचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. वसंतातल्या पुरात डॅन्यूबनं टेकाडाचा काठ आणखी दोन हात गिळला, म्हणून उत्खननाच्या प्रमुख ल्युबिंकाबाईंनी खणायला नवा चौकोन आखला, तो नेमका रानटी नाशपातीखाली. एवढं मोठं टेकाड, आणि बाईंना तेवढीच जागा सापडली!

सात हजार वर्षं माणसं इथं घरावर घर बांधत राहिली. बाईंना हवी ती तळातली घरं. वरचं अलीकडचं काही लागलं, बटाट्याचा खड्डा असो की पुरलेलं कुत्रं, की फावड्यानं उपसायचं आणि ढकलगाडीतून नेऊन नदीत लोटायचं. सव्वीस वर्षं रोजावर असलेल्या स्तामेन्कानं असे खड्डे बिनघोर उपसले होते. आज मात्र ते तिला एकेक करून आठवत होते.

कारण नाशपातीखाली तिचं लेकरू पुरलेलं होतं. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशीच गेलं, बाप्तिस्मा व्हायच्या आत; मग धर्मगुरूनं दफनभूमीत जागा दिली नाही. नवरा मुकाट्यानं फावडं घेऊन टेकाडावर गेला. आता तोही नव्हता. ठाऊक होतं ते फक्त तिला.

हा चौकोन मीच घेणार, असं तिनं ठणकावून सांगितलं. म्हातारीला सावली हवी, म्हणून बाकीचे मजूर हसले. हसेनात का!

हातभर खाली माती काळी, भुसभुशीत झाली. तिनं फावडं टाकून कुंचला घेतला. कॉफी आली, निवून गेली, तरी ती उठेना. कुणी येतंय का म्हणून सारखी मागे बघायची. अखेर ओंजळीत मावेल एवढी कवटी दिसली. तिनं डोक्याचा रुमाल सोडून वर पांघरला.

तेवढ्यात ल्युबिंकाबाई आल्याच. "मावशी, अलीकडचा खड्डा आहे हो हा. कुंचला कसला मारताय? फावड्यानं काढा आणि द्या लोटून."

स्तामेन्का जागची हलली नाही. बाई वाकल्या, त्यांनी रुमालाची कड उचलली. मग सवयीनं वही उघडली.

"किती जुनं असेल?" त्या पुटपुटल्या.

"सदतीस वर्षं," स्तामेन्का म्हणाली. "येत्या गुरुवारी अडतीस होतील. माझी मुलगी आहे. तिला नदीत नका लोटू."

मागून ढकलगाडीवाला आला. माती नेऊ का, म्हणाला.

बाईंनी वही मिटली आणि डोक्यावरची टोपी काढली. "नाही," त्या म्हणाल्या. "या चौकोनातली चिमूटभर माती कुठं जायची नाही."