नाभिकेचं चित्र

घेवड्याचं बी चित्रकाराने अर्ध्या तासात काढून हातावेगळं केलं होतं. बी शेंगेतून सुटलं की जिथे ते चिकटलेलं असतं तिथे एक पांढरट वण उरतो, त्याला नाभिका म्हणतात. शब्दकोशाच्या कार्डावर वहिनीने नेमकं तेवढंच लिहिलं होतं. खाली दुसरा अर्थ होता: मूत्रपिंड, फुप्फुस अशा अवयवांवरची खाच, जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात आणि बाहेर पडतात. दोन अर्थांची दोन चित्रं शेजारी शेजारी छापायची होती. बी झालं, आणि मूत्रपिंडापाशी आठ दिवस गाडं अडून बसलं.

वहिनी कोशाच्या कचेरीत संपादक होती. दादा गेल्यावर तिनेच आपल्या या धाकट्या दिराला हे काम मिळवून दिलं. आधी हा माणूस दुकानांच्या पाट्या रंगवायचा, तेही गिऱ्हाईक चार वेळा हेलपाटे घालेल तेव्हा. दर गुरुवारी दुपारी ती चित्रं न्यायला यायची, चहा प्यायची, दादाबद्दल बोलायची. दुसऱ्या कुणाकडे ती दादाचं नावही काढत नसे. त्याला तरी तिच्याशिवाय दुसरं कोण होतं?

ती त्याच्याकडे मन मोकळं करायची, त्याला कारण होतं. दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा दोघांनी आपापली एक द्यायची तयारी दाखवली होती. वहिनीचा रक्तगट पहिल्याच दिवशी आडवा आला. धाकट्याने महिनाभराने येऊन सांगितलं, "माझंही जुळत नाही." त्या दिवशी दोघं दवाखान्याच्या जिन्यावर बसून पोटभर रडली होती.

त्याचं जुळलं होतं. रक्त जुळलं, पुढच्या साऱ्या तपासण्या जुळल्या, शेवटचा स्कॅनसुद्धा झाला. तारीख धरायची तेवढी राहिली, आणि पठ्ठ्याने काखा वर केल्या. "घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, आम्ही बोलणार नाही," असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी शब्द पाळला. तो घाबरला होता, बस. याहून मोठं काही कारण असतं तर त्याचं त्यालाच बरं वाटलं असतं. दादा चौदा महिने वाट पाहून गेला.

आता मूत्रपिंडाची रेघ ओढायला घेतली की पाठीमागे बर्फ चावल्याचा आवाज यायचा. भर दुपारी, उघड्या खिडकीतून ऊन आत आलेलं असताना. दादाला पाणी मोजून मिळायचं, म्हणून तो बर्फाचे खडे तोंडात धरायचा आणि शेवटी राहवलं नाही की करकर चावून टाकायचा. चित्रकार पहिल्यांदा दचकून वळला, तेव्हा स्टूल रिकामं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने वळणं सोडलं. वळून बघावं आणि स्टुलावर खरंच कुणी असावं, याची त्याला धास्ती होती. मग कागदाच्या कडेला ओलं वर्तुळ उमटायला लागलं, थंड पेला उचलल्यावर उमटतं तसं. पेला त्याने ठेवलेला नसायचा. तो पुसायचा. ते पुन्हा उमटायचं.

"दादा, काहीतरी बोल तरी," एकदा तो म्हणाला. दादा जिवंतपणीही कधी टाकून बोलला नव्हता, आता कुठला बोलणार! फक्त करकर, आणि मग बर्फ विरघळेपर्यंतची शांतता. ती जास्त वाईट होती.

गुरुवारी सकाळी त्याने नेट लावून चित्र पुरं केलं. कसं केलं ते त्याला कळलं नाही. पुस्तक उघडं होतं, पण त्याने पानाकडे पाहिलंच नाही. हात आपोआप चालला. पुढे शीर, तिच्या आड धमन्या, मागे मूत्रनलिका. सावल्या भरल्या, आणि या कामाच्या चार वर्षांत जमलं नव्हतं असं चित्र उतरलं.

वहिनी दुपारी आली. टेबलाजवळ बसताना तिने पर्समधून रुमाल काढून कागदाशेजारचं ओलं पुसलं. "पाणी सांडलंय वाटतं," ती म्हणाली.

चित्रकाराच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे तिलाही दिसलं.

तिने बी पाहून मान डोलावली. मूत्रपिंडावर मात्र बराच वेळ थांबली.

"भाऊजी, इथे दोन धमन्या आहेत."

"हो का? हात चळला असेल."

"चळलेला हात अशी सावली भरत नाही. कशावरून काढलंत?"

"पुस्तकावरून."

"पुस्तकात एकच आहे. व्याख्या लिहायला मी तीन पुस्तकं पालथी घातली." तिने बोट चित्रावर ठेवलं. "काही माणसांना दोन असतात म्हणे. पण ते स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. वॉर्डात दोन वर्षं काढली मी. स्कॅन कुणाचा करतात ते मला पाठ आहे. बाकी सगळं जुळल्यावर, अगदी शेवटी."

पाठीमागे बर्फाचा आवाज नव्हता. त्याला वाटलं, आत्ता दादा चावेल, काहीतरी करेल, आपल्याला सोडवेल. कुणी सोडवलं नाही.

"कुणाची किडनी आहे ही, भाऊजी?"

स्कॅनवाल्याने पडदा त्याच्याकडे वळवून ती दुसरी धमनी कौतुकाने दाखवली होती. आयुष्यात एवढं निरखून त्याने दुसरं काहीच पाहिलं नव्हतं.

"माझी," तो म्हणाला. "जुळलं होतं, वहिनी. सगळं जुळलं होतं. मी घाबरलो."

ती ओरडली असती तर त्याला सोसलं असतं. तिने बियाचं चित्र पुठ्ठ्यात नीट घातलं, दोरी बांधली. मूत्रपिंडाचं तिथेच राहू दिलं.

"जायच्या आदल्या आठवड्यात ह्यांनी मला तुम्हाला फोन करायला लावला होता. म्हणाले, धाकट्याला सांग, जुळलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. आठवतं?"

"आठवतं."

"तुम्ही म्हणालात, बरं."

ती उठली. दाराशी चपला घालताना तिला पट्टा सापडेना. तो पुढे झाला, तशी ती मागे सरली.

"मला वाटायचं, आपण दोघं एका नावेत आहोत," ती म्हणाली. "आपल्या अंगातलं काहीच त्यांच्या कामी आलं नाही, हे दुसऱ्या कुणाला काय कळणार, म्हणून मी इथे येत होते. चार वर्षं. म्हणजे न जुळलेली मी एकटीच होते."

आणि दार ओढूनही न घेता ती जिना उतरून गेली.