निःशेष भाग

हेमांगीला दुसऱ्या खेपेला दोन लाख पंचेचाळीस हजार चारशे एकोणनव्वद झाला. बाळंतपण सुखरूप पार पडलं. नाक बापाचं, शेवटचा नऊ तेवढा आजोळचा, असं सगळ्यांचं मत पडलं.

घाणेकरांकडे बारशाला पाहुणे येतात ते वाटा न्यायला. प्रत्येकाने बाळाच्या कपाळावर हात ठेवायचा आणि आपलं वय सांगायचं. त्या वयाने निःशेष भाग गेला, तर बाळाचे तेवढे सारखे वाटे पडतात. एक ज्याच्या वयाने भाग गेला त्याचा, बाकीचे भाऊबंदांचे. थोरली पाच हजार चाळीस होती. गरीब स्वभावाची पोर, दोनाने जायची, सातानेही, साठानेही. साठीच्या मावससासूबाईंनी हात ठेवला आणि हेमांगीकडे नुसतं झबलं राहिलं. ते तिने अजून धुतलं नव्हतं.

म्हणून या खेपेला तिने पडल्या पडल्या कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार केले. नात्यातल्या सगळ्या वयांत फक्त एकतिसाने भाग जात होता. एकतीस वर्षांची एकच चुलतजाऊ होती. तिला आमंत्रणच गेलं नाही. कोडगेपणा म्हणा हवं तर.

बारशाला तिचे चुलतसासरे भाऊकाका सगळ्यांत आधी पुढे सरसावले.

"सदुसष्ट," ते म्हणाले.

बाळ मांडीवर तडकायला लागलं. पण शेवटी एक उरला, आणि बाळ चुळबुळ करत पुन्हा सांधलं गेलं.

"एकाने हुकलं हो," काका हळहळले.

मग बावन्न, एकोणीस, सत्त्याहत्तर. कुणाचीच डाळ शिजली नाही.

"वन्सं, झालं ना सगळ्यांचं?" हेमांगीने नणंदेला विचारलं.

"झालं बाई. पोरगं चिवट आहे. दिवस मावळला की तुझं एकटीचं."

हेमांगीला इतका आनंद झाला की रडूच फुटलं. ती बाळाचं कपाळ कुरवाळत बसली.

तेवढ्यात तिची आई निरांजन घेऊन आली आणि तिला कुंकू लावू लागली.

"आई, हे काय?"

"औक्षण. वाढदिवस ना तुझा!"

"तो सोमवारी आहे."

"तो तारखेने. आपण तिथीने करतो. आज षष्ठी. एकतीस पूर्ण झाली गं माझ्या लेकीला!"

हेमांगीचा हात बाळाच्या कपाळावरच होता.

आवाज काहीच झाला नाही. मांडीवर एकतीस सारखी बाळं झाली, प्रत्येकी सात हजार नऊशे एकोणीस. आई ओवाळतच राहिली.

नणंदेने एकाला चाचपून पाहिलं. "मूळ संख्या आहेत. यांना आता कुणाचाच भाग जायचा नाही," ती म्हणाली. "एक तुझं. घे बघून. बाकीची तीस आम्ही नेतो."

भाऊबंद झोळ्या पसरून ओळीने उभे राहिले. हेमांगीने हात पुढे केला, आणि एकतिसांनी एकदम दुधासाठी तोंड उघडलं.