न जेवल्याचा अर्धा तास

सकाळी नणंदेनं पगाराची स्लिप ओट्यावर वहिनीसमोर ठेवली. "वहिनी, रोज अर्धा तास कसला कापता?"

"जेवणाचा."

"पण जेवतं कोण?"

नणंद आयसीयूत नर्स, वहिनी त्याच हॉस्पिटलच्या पगार विभागात. कंपनीची अशी बावीस हॉस्पिटलं. हेड ऑफिसचा मेल आला तेव्हा हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही कपात वहिनीनंच चालू केली होती. सहा महिने झाले त्याला.

त्या दिवशी तिचं कामात लक्ष लागेना. एकला ती आयसीयूच्या काचेपाशी जाऊन आली, तीनला पुन्हा गेली. नणंद एका म्हाताऱ्या पेशंटची नळी धरून उभी होती. डबा कपाटावर तसाच.

वहिनीनं तिथल्या मेट्रनना गाठलं. "जेवायला सुटी मिळाली नाही, असा अर्ज तुम्ही सही करून पाठवला तर मी कपात परत देते."

"पहिल्या महिन्यात केल्या की सह्या," मेट्रन म्हणाल्या. "लगेच वरून फोन. तुमच्या वॉर्डाचा खर्च का वाढला म्हणून. माझीही नोकरी आहे, बाई."

मग ती पगार विभागाच्या साहेबांकडे गेली. साहेबांनी मान वर केली नाही. "मॅडम, तुम्ही पगार काढा, खुसपटं काढू नका."

महिनाअखेरीस पगार बँकेत पाठवण्याआधी 'हजेरीनुसार पगार बरोबर आहे' या ओळीखाली तिची सही लागायची. आजवर तिनं ती डोळे मिटून केली होती. या वेळी हात पुढे होईना. दोनदा पाणी प्यायली, जिन्यापर्यंत जाऊन परत आली. शेवटी सहीच्या जागी लिहिलं, 'नर्सेसची हजेरी बरोबर नाही. न घेतलेल्या जेवणाच्या सुटीचे पैसे कापले आहेत.' आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी कुणाचाच पगार झाला नाही. वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत सगळे पगार विभागाच्या दारात. नणंदेचा फोन आला. "वहिनी, हे काय करून बसलात? माझा घराचा हप्ता आहे आज. सगळ्याजणी मला बोल लावतायत."

"मी खोट्यावर सही केली नाही, एवढंच," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच पोकळ वाटला.

संध्याकाळी साहेबांनीच सही केली. पगार झाले, कपातीसकट. आठवड्याभरात वहिनीची बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. घरी नणंद जेमतेम कामापुरतं बोलायची.

पण तो कागद फाइलमध्ये राहिला होता. दोन महिन्यांनी बाहेरचे हिशेबतपासनीस आले. त्यांनी तो वाचला आणि नर्सेसना एकेक करून बोलावलं. पहिली गेली ती नणंद. तिनं आठ महिन्यांच्या ड्युट्या, पेशंट, वेळा घडाघडा सांगितल्या. मेट्रननीही फोनबद्दल तोंड उघडलं.

कपात बंद झाली. मागचे पैसे मात्र तीनच महिन्यांचे मिळाले. बाकीच्या महिन्यांबद्दल 'विचार चालू आहे', असं उत्तर आलं.

"आता उपाशी राहायचा पगार मिळतो," त्या संध्याकाळी नणंद भाजी निवडता निवडता म्हणाली. मग देठ बाजूला सारत, "त्या दिवशी फोनवर फार बोलले मी."

"राहू दे," वहिनी म्हणाली. तिनं कागद पुढे ओढला. "उरलेल्या महिन्यांच्या तुझ्या ड्युट्या सांग. अर्ज उद्याच द्यायचाय."