बंबाची आंघोळ

माझं डोस्कं गरम, हे अख्ख्या तांड्याला ठाऊक हाये. पण त्या खंडेनवमीला माझ्या जागी गरीब गाय असती, तरी तिनंही शिंगं उगारली असती!

माझं माहेर म्हणजे हिंगोलीतल्या बंद जिनिंगच्या आवारातल्या दोन खोल्या. माझा बा, धर्मसिंग, तिथल्या आगीच्या बंबावर ड्रायव्हर. कापूस म्हणजे पेटायला टपलेला माल, म्हणून निजामाच्या काळात मोठ्या शेठनं तो बंब विलायतेहून मागवलेला. लाकडी शिडी, पितळी घंटा, समोरून हँडल मारून चालू करायचं इंजिन. जिनिंग बंद पडली, माणसं पांगली, बा मात्र बंबापाशीच राहिला. घंटा लेकराच्या तोंडासारखी पुसायचा, पण रंगाला कुणाला बोट लावू द्यायचा न्हाई. "जसा आला तसाच राह्यला पायजे," म्हणायचा.

आता त्या मोठ्या शेठच्या नातवानं, सोमेश्वर शेठनं, जागा मोकळी करायला काढली. बंब भंगारात! ते ऐकून बानं भाकरीचं ताट बाजूला सारलं. मग मीच शेठला गाठलं आन् चांगलं खडसावलं. शेवटी तो म्हणाला, "औरंगाबादचे हरिचंदसाहेब दसऱ्याला येऊन राहिले. जुन्या गाड्यांचे जाणकार हायेत. रंग, पार्ट, सगळं मूळचं हाये असं त्यांनी सांगितलं, तर बंब इथंच राहील. न्हाई तर कटर."

"बराबर!" मी म्हणलं. "आता बघाच तुमी!"

खंडेनवमीला सकाळीच सासरहून, पुसेगावहून आले. फाटकातून आत पाऊल टाकलं आन् बघते तर काय! बंब टायरापासून शिडीपर्यंत लालभडक! माझी याडी, म्हणजे आई, जिवनबाई, हातात बादली आन् फडक्याचा बोळा घेऊन मागचं चाक रंगवून राहिली होती.

"याडी! अगं आईच म्हणावं का तुला!"

"काहून वरडतीस? पाव्हणा यायचा, आन् बंबाचे पोपडे दाखवायचे का? आज लोखंडाचा सण हाये. घराला गेरू दिला, तसा ह्यालाही दिला."

बा झेंडू आणायला बाजारात गेला होता, तेवढ्यात हिनं हा उद्योग केला. आता तो हौदाच्या काठावर डोस्कं धरून बसला होता, झेंडूची पिशवी तशीच पायाशी.

मी याडीचा हात धरला. "खरं सांग. गेरू कशात कालवलास? तेलात?"

"एवढा मोठा बंब, त्याला तेल कुठून आणू? पाण्यात कालवला."

पाण्यात! मी तिला मिठीच मारली. तिचे गेरूचे हात माझ्या नव्या लुगड्यावर उमटले, उमटू दे म्हणलं. बा ताडकन उठला. पाण्यातला गेरू पाण्यानंच निघणार की!

पण पाणी आणायचं कुठून? लाइट गेलेली, बोअर बंद. हौदातलं पाणी बादलीनं मारलं तर सांधीतला गेरू हलंना, आन् फडक्यानं घासावं तर बंबावर रंगवलेली जुनी अक्षरं जायची. तेवढ्यात फाटकातून शेठची जीप आत शिरली. शेजारी टोपीवाला पाव्हणा. एक दिवस आधीच!

"आता मेलो," मी म्हणलं.

"मरतीस कशाला? हँडल मार!" बा गरजला. असा आवाज मी कैक वर्षांत ऐकला नव्हता.

बंबाच्या पंपातलं वायसर, चामड्याची चकती, वाळलेलं. बा कधीपासून त्याला एरंडेल पाजून राहिला होता, पण पंप पाणी ओढील याचा भरोसा कुणालाच न्हाई. त्यानं जाड पाइप हौदात सोडला. मी हँडल मारलं. इंजिन खोकलं आन् गप झालं. पुन्हा मारलं, हाताची सालटी निघाली. जीप थांबली, शेठ उतरला, "अरे हे काय रंगवलं?" म्हणून वरडला. मी मात्र तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन हँडल मारलं.

आन् इंजिन धडधडलं! सगळा बंब थरथरला, घंटा आपोआप वाजाया लागली. बाच्या हातातली नळी फुगली. त्यानं तिचं तोंड आभाळाकडं धरलं आन् फवारा उडाला तो चिंचेच्या शेंड्यावर! खाली पडला बंबावर, आमच्यावर, शेठवर, पाव्हण्याच्या पांढऱ्या शर्टावर. गेरूचे लाल ओघळ जमिनीवर धावाया लागले. आतून जुना फिका रंग निघाला, पोपड्यांसकट. मी नाचले, खोटं कशाला बोलू!

याडी पदर डोक्यावर घेऊन पाव्हण्याला म्हणाली, "ह्यानं कापसाला लई न्हाऊ घातलं, आज त्याची आंघोळ."

हरिचंदसाहेब चिंब भिजले, पण मागं सरले न्हाईत. रंगावर बोट फिरवलं, पंपाला कान लावला, बंबाखाली चिखलात पाठीवर शिरले. बाहेर आले ते तोंडभर हसत. "शेठ, वायसरसुद्धा मूळचं! ह्याला कटर लावाल तर माझ्याशी गाठ हाये."

शेठनं तोंड पुसलं. "ठेवला," म्हणाला. "ठेवला बाबा! पण धर्मसिंग, ती नळी बंद कर. हौद संपून राहिला."

बाच्या डोळ्यांतून पाणी वाहून राहिलं होतं, फवाऱ्याचं का त्याचं, ते मला ठाऊक हाये.

"संपू द्या, शेठ," तो म्हणाला. "उद्या भरू. आता उद्याबी बंब हितंच हाये ना!"