मोकळं न झालेलं गाणं

नुमाताने सेनबेई बिस्किटांचा डबा उंबऱ्याच्या आत ठेवला, दोन्ही हातांनी पुढे सरकवला आणि मान खाली घालून बसूनच राहिला. एवढा धिप्पाड, तीस वर्षं माकुळाच्या बोटीवर काढलेला माणूस, पण घसा खाकरण्यापलीकडे त्याची गाडी सरकेना.

"वहिनी, एकोणपन्नासावा दिवस उलटला, सुतक फिटलं, म्हणून आलो. त्याआधी येणं बरं दिसलं नसतं."

"बोला ना, भाऊजी."

"किसाबुरोचं गाणं... ते आता मोकळं झालं का, एवढंच विचारायचं होतं."

सुएकोला प्रश्न कळला. हाचिनोहेच्या बंदरात, दुपारी गाण्याच्या, कराओकेच्या कॅफेत जमणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक कायदा होता, कुठेही न लिहिलेला. एकाचं ठेवणीतलं गाणं दुसऱ्याने गायचं नाही. आणि माणूस गेला, तर घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. नवऱ्याचे बूट, गळ, रेनकोट तिने केव्हाच वाटून टाकले होते. गाण्यापाशी मात्र तिची जीभ अडली.

"उद्या बुधवार," ती म्हणाली. "मी तिथे येते. तिथेच सांगते."

नुमाताने चमकून वर पाहिलं. किसाबुरो अकरा वर्षं त्या कॅफेत जात होता, पण ही बाई कधी तिथे फिरकली नव्हती.

खरं तर एकदा ती दारापर्यंत गेली होती. अचानक बर्फ पडायला लागलं म्हणून त्याची छत्री घेऊन. दाराला हात लावला आणि आतून त्याचा आवाज आला. धक्क्यावर बोटीची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं होतं. बायकांची गाणी पुरुषांनी गाण्यात नवल काहीच नाही, पण ते आपापल्या जाड आवाजात गातात. किसाबुरो गात होता तो बाईच्या आवाजात. उंच, चिरका, वरच्या सुराला फाटणारा. आत सगळे खो-खो हसत होते. सुएको छत्रीसकट मागे फिरली. बोटीवर होता तेव्हा हंगामात महिनोन्महिने हा माणूस लांबच्या बंदरांत असायचा. तिथे कुणीतरी बाई हे गाणं म्हणत असणार, आणि तिचाच आवाज हा काढून बघतोय, असं तिने मनाशी धरलं ते धरलंच.

विचारायचं धाडस तिला कधी झालं नाही. दर बुधवारी बूट चढवताना तो पाठमोराच म्हणायचा, "येतेस का?" आणि ती भांड्यांतून मान न काढता म्हणायची, "मी कशाला?" मग तो "बरं" म्हणून दार ओढून घ्यायचा. शेवटच्या बुधवारीही हेच झालं होतं.

आता गाणं देऊन टाकायचंच आहे, तर ते कुणाचं होतं हे कळल्याशिवाय द्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शिरली तेव्हा पाच-सहा जण कॉफी आणि मुळ्याचं लोणचं घेऊन बसले होते. मालकीण चियो, सत्तरीची, ओठ लालभडक रंगवलेली, काउंटरमागून लगबगीने पुढे आली आणि तिला किसाबुरोच्या खुर्चीवर बसवलं. समोरच्या भिंतीवर नेहमीच्या मंडळींच्या चिठ्ठ्या होत्या. नाव, गाणं, पट्टी. नुमाता, तीन खाली. त्याच्या शेजारी कुणी चार खाली. पुरुषांच्या सगळ्याच खाली होत्या, एक सोडून. किसाबुरोची चिठ्ठी अजून काढलेली नव्हती. तिच्यावर लिहिलं होतं, दोन वर.

"हे काय?" सुएकोने विचारलं.

नुमाता हसला. "त्याचं खूळ! मूळ गाणंच बाईच्या पट्टीतलं, आणि हा त्याच्याही दोन वर. आम्ही कानीकपाळी ओरडलो, अरे खाली घे, शीर तुटेल एखादी. यंत्र बिचारं अठ्ठावन्नच्या वर गुण देईना. पण ऐकेल तर शपथ."

"कुणाचा आवाज काढायचे ते?"

तिने पर्सचा बंद घट्ट आवळून धरला होता.

"कुणाचा म्हणजे?" चियो तिच्याकडे बघतच राहिली. "तुमचीच ना ती पट्टी? पहिल्याच दिवशी मला बटणं दाबायला लावली. वर घे, अजून वर, हां, इथे. म्हणाले, बायको भांडी घासताना म्हणायची ती बरोब्बर इथे. म्हणाले, मी घरी येऊन दारात बूट आपटून बर्फ झाडलं, की ती गप्प व्हायची."

सुएकोला लगेच काही आठवलं नाही. मग बंदरावरची जुनी खोली आठवली, पाठीला बांधलेली पोर, गार पाणी, आणि आपण काय गुणगुणतोय याचा आपल्यालाच नसलेला पत्ता.

"मी म्हटलं, पण गाणार तुम्ही ना?" चियो सांगत होती. "तर म्हणाले, एक दिवस ती येईल. बटणांची खटपट बघितली की लाजून परत जाईल. लावून ठेवलेलं असलं, म्हणजे तिने नुसतं उभं राहायचं."

"आम्ही म्हणायचो, अरे, मग बोलाव की वहिनींना," नुमाता म्हणाला.

"बोलावलं होतं," सुएको म्हणाली. "दर बुधवारी बोलावलं होतं."

इतकी वर्षं तिने जिचा दुस्वास केला ती बाई ती स्वतःच होती, आणि हे ज्याला सांगायचं तो माणूस राहिला नव्हता. तिला ओरडून रडावंसं वाटलं. ती उठून उभी राहिली.

"नाही झालं मोकळं, भाऊजी. थोडं थांबा. चियोताई, लावा."

सुरावट सुरू झाली. पहिली ओळ तिने जवळजवळ पुटपुटत म्हटली, दुसरी जरा मोकळ्याने. गाणं तिच्या गळ्यावर बेतून शिवल्यासारखं बसत होतं. जिथे किसाबुरोचा आवाज फाटायचा त्या वरच्या सुराला तिला मानसुद्धा उंचवावी लागली नाही. नुमाताने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

दुसरं कडवं अर्ध्यावर आलं होतं. बाहेर, दारापाशी, कुणीतरी बूट आपटून बर्फ झाडलं.

सुएको गप्प झाली. माइक छातीशी धरून ती दाराकडे वळली.

मुळ्यांची पेटी घेऊन भाजीवाला आत आला, सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहून गोंधळला, आणि पेटी तशीच हातात धरून उभा राहिला. मागे सुरावट पुढे चाललीच होती. पडद्यावर शब्द एकेक करून रंगत होते, म्हणणारं कुणी नव्हतं.

"म्हणा वहिनी," नुमाता हलक्या आवाजात म्हणाला. "कुणी नाही. भाजीवाला आहे."