कोरडा लिव्हर

अब्बांनी हुनर मला दिलं आणि दुकान जावयाला. तेव्हा वाटलं, एकाच घरात तर राहतंय, बिघडलं कुठं? आता कळतं, अब्बा भोळे होते आणि मी त्यांचीच लेक.

माझा नवरा कय्यूम मूळचा शिलाई मशिनी दुरुस्त करणारा. देऊळगाव राजातल्या आमच्या घड्याळांच्या दुकानात तो गादीवर बसे, मी पडद्याआड. भगवानराव देशमुखांचं सोन्याचं विलायती घड्याळ आलं, तेव्हा त्यातला लिव्हर मोडला होता. चाकाचा एकेक दात अडवून सोडणारा तो तुकडा, टिकटिक त्याचीच. मुंबईहून मागवलेला बसेना. मग मी पोलाद कानसून घरीच नवा घडवला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर घासला. पूर्वी रोज मागं पडणारं ते घड्याळ आता मलकापूर स्टेशनच्या घड्याळाशी जुळू लागलं. देशमुख ज्याला त्याला सांगत सुटले, कय्यूमच्या हाताला तोड नाही.

"माहं नाव कधी सांगसान?" मी विचारलं.

"देशमुखाले एकडाव नागपूरच्या साहेबापुढं मिरवून येऊ दे. मंग सांगतो."

मी वेडी, वाट बघत बसले.

घड्याळ नेमकं साहेबापुढंच बंद पडलं. देशमुख तणतणत दुकानात आले. "काऊन बे कय्यूम, चारचौघांत माही इज्जत घालवली तुनं?"

कय्यूमनं क्षणाचाही विचार केला नाही. "मालक, तो लिव्हर सलीमानं केला व्हता. बाईचं काम, काय सांगू तुमाले."

पडद्याआड मी ऐकलं. ज्या नावासाठी एवढी झुरले, ते त्यानं घेतलं, तेही असं.

देशमुख घड्याळ टाकून गेल्यावर मी ते उघडलं. लिव्हरवर तेलाचा चिकट थर. तिथं तेल नको, लिव्हर कोरडाच चालतो, हे मी त्याला कितीदा बजावलं होतं. पण मशिनवाल्याचा हात तो. भोक दिसलं की सोड तेल.

"तेल टाकलं व्हतं तुम्ही?"

"थोडकंच. नागपूरले जायाचं व्हतं ना त्याइले."

मी तेल पुसलं, लिव्हर बसवला. घड्याळ चालू झालं.

कय्यूमचा चेहरा उजळला. "चालली घडी? झ्याक. आता देशमुखाले सांगतो, म्याच नीट केली."

एवढा संताप मला जन्मात आला नव्हता. चिमट्यानं लिव्हर काढला, ओढणीच्या टोकात बांधला आणि बंद घड्याळ त्याच्या हातावर ठेवलं.

"घ्या. करा नीट."